शनिवारचा पॉझिटिव्हचा तास

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. शेवटच्या तासाला मुलांचं अर्धं लक्ष घराकडे लागलेलं असतं. वेळापत्रकात त्या तासाला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं भारदस्त नाव होतं, पण मुलं त्याला ‘पॉझिटिव्हचा तास’ म्हणायची. तो माझ्याकडे आला, कारण माझे इंग्रजीचे तास इतरांपेक्षा थोडे कमी भरत होते. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुम्ही बोलता चांगलं. दहावीची पोरं आहेत, खचतात लवकर. जरा मोटिव्हेट करत जा.”

आमची शाळा शहरातल्या नंदनवन वस्तीच्या बाजूला, मराठी माध्यमाची. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाचं किराण्याचं दुकान, कुणाची आई घरी ब्लाउज शिवते. मी मूळची खाप्याची, शहराजवळच्या लहान गावची. वर्गात पुस्तकातली मराठी बोलते, आणि घरी नवऱ्याशी भांडताना गावाकडच्या ‘तुले’, ‘मले’वर येते.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. फळ्यावर सुविचार लिहायचा, मुलांनी तो उतरवायचा, मग मी मेहनत, जिद्द, आत्मविश्वास यांवर बोलायचं. मुलं शांत बसायची, म्हणजे मागच्या बाकांवर झोपायची. एका शनिवारी मलाच कंटाळा आला. म्हटलं, आज मी बोलणार नाही. प्रत्येकाने उठून स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची.

पोरांनी गंमत केली. कुणी म्हणालं मी झोपतो चांगलं, कुणी म्हणालं माझा सिक्सर थेट टाकीवर जातो. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. अबोल, टापटीप, हस्ताक्षर सुरेख. ती म्हणाली, “मॅडम, मी काळी आहे, पण अभ्यासात बरी आहे.”

कुणीही हसलं नाही. त्यात हसण्यासारखं, थांबण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पुढचा मुलगा उठायलाही लागला. मी त्याला बसवलं आणि तिला म्हटलं, “तो ‘पण’ काढून टाक बाळा आणि वाक्य पुन्हा म्हण.”

ती गोंधळली. मग म्हणाली, “मी काळी आहे, अभ्यासात बरी आहे.”

आता मात्र सगळा वर्ग हसला. ‘पण’ होता तोवर वाक्य सरळ होतं, काढल्याबरोबर विनोदी झालं. तीसुद्धा ओठ दाबून हसली आणि खाली बसली.

पुढच्या शनिवारी मी फळ्यावर सुविचाराऐवजी ‘पूर्वग्रह’ हा शब्द लिहिला. एकाने विचारलं, “शनी-मंगळासारखा का मॅडम?” मी म्हटलं, तसाच, पण हा आपणच दुसऱ्याच्या पत्रिकेत बसवतो. मग रंगावर बोललो. काळ्या माणसाला घरीदारी काय काय म्हणतात, विचारलं. तवा, कोळसा, डांबर, कावळा असे शब्द भराभर आले. बहिणीच्या स्थळाच्या वेळी ‘मुलगी गव्हाळ आहे’ असं खोटं सांगितल्याचं एकाने सांगितलं. मुलं बोलत होती. जागी होती. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या गल्लीत तर हबशीच राहते.”

“त्याला नाव असेल ना काही?”

“असंन जी. माहीत नाही. कुत्रे खाते म्हणतात.”

“गांजाही विकते,” दुसरा म्हणाला.

“कुणी पाहिलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं.

तो तरुण मला माहीत होता. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत, एका निवृत्त कारकुनाच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. टांझानियाचा. फार्मसी शिकायला आलेला. कॉलेज शहराबाहेर कळमेश्वरच्या रस्त्याला, तिथे बसने जायचा. सकाळी दुधाच्या डेअरीवर आमची गाठ पडायची. उंच, खांदे थोडे वाकवून चालणारा, जणू आपण जास्त जागा घेतो म्हणून माफी मागणारा. एकदा डेअरीवाल्याला त्याने अस्सल आमच्या बोलीत विचारलं, “काका, दूध काहून नाही आलं जी?” आणि रांगेतल्या आम्हा सगळ्यांना हसू फुटलं. हसणं वाईट नव्हतं. त्याला ते कळलं असावं, कारण तोही हसला.

मी त्याला तिथेच गाठून शाळेत यायचं आमंत्रण दिलं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “मॅडम, मैं आऊंगा. बच्चे लोग डरेंगे तो नहीं?” मला ती थट्टा वाटली. म्हटलं, “दहावीची पोरं आहेत, तूच घाबरशील.”

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, “परदेशी पाहुणा आहे, चांगलंच आहे. फोटो काढा.”

तो आला तेव्हा पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, बुटांना पॉलिश. वर्ग एकदम उभा राहिला. त्याने त्याच्या गावाबद्दल सांगितलं. एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ दिसत नाही. आई तिथे सुकी मासळी विकते, वडील शाळेत गणित शिकवतात. तो हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचा आणि अडलं की मी मराठी करून सांगायची. मग त्याने सांगितलं की त्याच्या गावातही गोऱ्या दिसणाऱ्या मुलीला लवकर स्थळ येतं. त्याच्या मावशीने तोंडाला मलमं लावून लावून चेहरा उजळ केला, पण हात तसेच राहिले, म्हणून ती लग्नकार्यात अंगावरच्या कापडाखाली हात लपवून बसते.

“तुमच्याकडे पण असं आहे?” मुली एकदम म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, जिथे सगळेच काळे तिथे हा प्रश्नच नसेल.

मधल्या रांगेतल्या त्या मुलाने अखेर विचारलंच. “सर, तुम्ही कुत्रा खाता का?”

मी दचकले. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, “नहीं. मैंने इधर सावजी का तीखा मटन खाया, दो दिन रोया. अभी सिर्फ दाल खाता हूँ.” वर्ग हसून लोळला. त्या एका उत्तराने त्याने त्या पोराला जिंकलं, आणि त्याची लाजही राखली.

तास संपत आला तेव्हा खिडकीजवळची ती मुलगी उठली. तिने विचारलं, “सर, लोक तुम्हाला काहीतरी बोलतात, तेव्हा राग येत नाही का?”

त्याचं हसू थांबलं. जरा विचार करून म्हणाला, “आता है. गुस्सा आता है तो मैं कपड़े धोता हूँ.” मग आपल्या शर्टाकडे पाहून म्हणाला, “मेरे कपड़े बहुत साफ रहते हैं.”

यावर कुणी हसलं नाही. माझे इतक्या महिन्यांचे सुविचार त्या वाक्यापुढे फिके होते, हे माझ्या लक्षात आलं.

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. मुलं रस्त्यात त्याला ‘सर’ म्हणून हाक मारू लागली. संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या मैदानावर तो पोरांबरोबर फुटबॉल खेळायचा. मुलंच त्याला मराठी शिकवायची, अर्थात आधी वात्रट शब्द. दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ नावाचा धडा आहे, मुलांना तो जड जातो. खिडकीजवळच्या त्या मुलीने एकदा त्याच्या घराच्या फाटकाशी उभं राहून त्याला त्यातलं काही विचारलं. त्याने कंपाउंडच्या भिंतीवर वही ठेवून समजावलं. मग ती तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन अधूनमधून जाऊ लागली. नेहमी फाटकाबाहेर, नेहमी दिवसाउजेडी, घरमालकाची बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची. मुलगी वर्गात हात वर करू लागली होती. मी नवऱ्याला सांगितलं, “पोरगी बदलून राहिली वं माय, असं वाटते मले.” तो म्हणाला, “मी माय नाही, नवरा आहे तुहा.” इतकी मी खुशीत होते.

मग कुणीतरी समोरच्या गच्चीवरून मोबाइलवर चित्रफीत काढली. तीन मुली, वह्या, फाटक, आणि तो वाकून काही दाखवतोय. आवाज नव्हता. ती गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या पोरी कुठं जातात ते पाहा.’ संध्याकाळपर्यंत ती तीन-चार ग्रुपवर फिरली आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याखाली नवीन काही लिहिलं गेलं. मला ती माझ्या नणंदेकडून आली. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते.

सोमवारी शाळेत काही पालक आले. त्यांत त्या मधल्या रांगेतल्या मुलाचे वडीलही होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. “मॅडम, तुमचा हेतू चांगला होता,” एवढंच म्हणाले. हेतूबद्दल कुणी भूतकाळात बोलायला लागलं की पुढचं काय ते कळतं.

त्या आठवड्यात गल्लीतल्या समाजभवनात बैठक बसली. मी आणि नवरा, दोघंही गेलो. मी उभी राहून सगळं सांगितलं. मुलांनी त्याच्याशी बोलावं असं मीच सांगितलं, तो शाळेत माझ्या बोलावण्यावरून आला, मुली अभ्यासाचं विचारायला गेल्या, ओट्यावर काकू बसलेल्या होत्या. माझा आवाज चांगला आहे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिथेही गेला. लोकांनी ऐकून घेतलं.

मग एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुमी वर्गात शिकवा ना. गल्लीत काहून शिकवून राहिल्या?”

“त्याने वाईट काय केलं, ते सांगा.”

“केलं नाही म्हणूनच आता बोलून राहिलो. केल्यावर बोलून काय फायदा?”

आजूबाजूला माना हलल्या. माझ्या लक्षात आलं की मी जितकं त्याच्या बाजूने बोलते आहे, तितका तो त्यांना जास्त मोठा, जास्त धोक्याचा दिसू लागला आहे. आतापर्यंत तो वरच्या खोलीत राहणारा एक मुकाट पोरगा होता. त्याला प्रश्न बनवलं ते या सगळ्या चर्चेने.

घरमालक कोपऱ्यात बसले होते. बैठक संपल्यावर ते माझ्याजवळ आले. भला माणूस. डोळे वर न करता म्हणाले, “मॅडम, पोरगा सोन्यासारखा हाय जी. माही बायको तर त्याले डबा देते कधी कधी. पन तो दोन वर्सानं जाईन, मले याच गल्लीत मराचं हाय.”

त्यांनी त्याला महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीची आई माझ्या घरी आली. ब्लाउज शिवणारी ती हीच. माझा तिचा परिचय पालकसभेपुरता. मला वाटलं, ही आता भांडणार. मुलीचं नाव सगळीकडे चघळलं जात होतं. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या घरामांगं एक खोली हाय. सामान भरून हाय, खाली करता येते. त्या सरले इच्चारा.”

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, “ताई, लोक तुम्हालाच बोलतील.”

“बोलतीन. ह्या गल्लीत आमी नवरा-बायको खोली पाहत फिरलो होतो मॅडम, लग्न झालं तवा. खोली रिकामी राहे. चहा बी पाजत. मंग आडनाव इच्चारत. आडनाव सांगितलं का खोली भरून जाये.” ती हसली. “आमच्या घरात बाबासाहेबाचा फोटो हाय. त्याच्यासमोर बसून मी असं म्हनू का, का ते पोरगं काळं हाय, जाऊ दे मरू दे?”

मी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेले. तो खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होता. मी सांगितलं. त्याने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. मग म्हणाला, “वो लोग बहुत अच्छे हैं. लेकिन मैं उधर जाऊंगा तो वीडियो सच हो जाएगा.” लोक म्हणतील, पाहिलं, शेवटी तिच्याच घरी गेला. त्या मुलीला या शाळेत परीक्षेपर्यंत यायचं होतं. त्याने ते माझ्याआधी पाहिलं होतं.

तो कॉलेजजवळच्या होस्टेलवर गेला. निघाला त्या दिवशी सकाळी मी आणि नवरा त्याचं सामान छोट्या टेम्पोत चढवायला गेलो. गल्लीतल्या गच्च्यांवर, खिडक्यांत माणसं होती, पण खाली कुणी नव्हतं. शाळेने मुलांना तिकडे जायला मनाई केली होती. मैदानावर त्याच्याबरोबर खेळणारी पोरं घरात होती.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ती मुलगी आणि तिची आई येताना दिसल्या. आईने इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, दीक्षाभूमीवर जाणाऱ्या बायकांच्या अंगावर आम्ही पाहतो तशी. दोघी गल्लीच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत चालत आल्या. आईने त्याच्या हातात जेवणाचा डबा दिला. म्हणाली, “तिखट कमी टाकलं बाबू.” त्याने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि खाली वाकला. टेम्पो वळेपर्यंत दोघी तिथेच उभ्या होत्या. मग जशा आल्या तशाच परत गेल्या.

त्या एका सकाळचा मला अभिमान वाटतो, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

शनिवारचा तास माझ्याकडून काढून घेतला. नवीन शिक्षक मोठ्या पडद्यावर यशस्वी लोकांच्या चित्रफिती दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. तक्रार नाही. त्या मधल्या रांगेतल्या मुलाचे वडील मला भाजीबाजारात भेटले आणि मोकळेपणाने म्हणाले, “मॅडम, मनात ठेवू नका बरं. तुमच्याबद्दल आमाले आदर हाय.” त्यांना खरंच आहे. दरवर्षी गुरुपौर्णिमेला त्यांचा मुलगा नमस्काराला येतो. त्या दिवसांचा विषय तो काढत नाही, आणि मैदानावर पुन्हा क्रिकेट सुरू झालं आहे.

तो तरुण शिकून गेला. जाण्याआधी मी एकदा त्याला भेटायला होस्टेलवर गेले होते. तिथे त्याच्याच देशाची चार-पाच मुलं होती. सगळी एकत्र राहत, एकत्र जेवत, शहरात कामापुरतीच येत. तो अगत्याने वागला, चहा केला. आम्ही बराच वेळ बोललो, आणि परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की तो सगळा वेळ इंग्रजीत बोलत होता. मराठी तर नाहीच, हिंदीही नाही. मी मराठीत काही विचारलं, तर ते कळूनही तो उत्तर इंग्रजीतच द्यायचा. मी त्याला वर्गात बोलावलं नसतं तर तो त्या खोलीत शिक्षण संपेपर्यंत राहिला असता, डेअरीवर काकांशी बोलला असता, आणि इथून जाताना थोडी आपली भाषा घेऊन गेला असता. नवरा म्हणतो, असा विचार केला तर कुणी कुणाला बोलावूच नये. त्याचंही बरोबर आहे. पण त्याने माझी हळहळ कमी होत नाही.

त्याहून मोठी हळहळ त्या मुलीची आहे. ती दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. पेढे घेऊन घरी आली. मी तिला जवळ बसवलं, पुढे काय शिकणार ते विचारलं. ती बोलत होती, आणि मध्येच थांबून तिने विचारलं, “मॅडम, मी तो धडा विचारायला गेले नसते, तर सर इथेच राहिले असते ना?”

मी म्हटलं, “असं नाही बाळा. चूक तुझी नव्हती. ज्यांनी ती चित्रफीत काढली, ज्यांनी पसरवली, त्यांची होती.” मी पुष्कळ बोलले. तिला पटेल अशा सगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. ती मान हलवत राहिली. वर्षभर माझ्या समोर बसलेल्या मुलीची मान कधी खरी हलते आणि कधी मॅडमचा मान राखायला हलते, हे मला कळतं.

आता ती कॉलेजात जाते. रस्त्यात भेटली की गाडी थांबवून आपणहून बोलते, परीक्षा, मैत्रिणी, आईच्या पाठीचं दुखणं. आणखी काही बोलायचं असेल असं मला वाटत राहतं, म्हणून मी थोडा जास्त वेळ उभी राहते. मग ती म्हणते, “येते मॅडम, उशीर होऊन राहिला,” आणि जाते.